मोजणे वेगळे, मापणे वेगळे

मराठीत आपण ‘मोजणे’ हे एकच क्रियापद दोन कामांना वापरतो. पैसे मोजतो आणि जमीनही मोजतो. ‘मापणे’ हा शब्द आहे खरा, परंतु रोजच्या बोलण्यात तो क्वचितच येतो. कन्नडमध्ये तसे नाही. नग मोजायचे असतील तर ‘एणिसुवुदु’ आणि लांबी-रुंदी घ्यायची असेल तर ‘अळेयुवुदु’. दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या आम्हा बेळगावकरांच्या कानावर हा फरक रोज पडतो. पण फरकातला अर्थ ध्यानात यायला काहीतरी निमित्त लागते. मला ते निमित्त मामांच्या कारखान्यात मिळाले.

या लेखातील माझे म्हणणे साधे आहे. लहान कारखानदाराने कर्ज काढून मोठे यंत्र घेण्याआधी हाताशी असलेल्या यंत्रावर माप दाखवणारी स्वस्त डिजिटल पट्टी बसवावी. तिने यंत्र सुधारते त्यापेक्षा हिशेब सुधारतो, आणि अनुभवी माणसाची नोकरी वाचते. ‘वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने असल्या विषयात कशाला पडावे?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच.

उद्यमबाग आणि मच्छे येथील औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या आणि मशीन शॉप दाटीने उभी आहेत, हे येथील वाचकांना सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरची चूल या कामावर पेटते. माझ्या मामांचे शॉप त्यांतलेच एक. पत्र्याचे छप्पर, दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, आणि कोपऱ्यात भक्कम टेबलावर बसवलेले छोटे मिलिंग मशीन. त्याला सगळे ‘बेंच मिलिंग’ म्हणतात. मोठ्या मिलिंग मशीनचे हे धाकटे भावंड. जॉब टेबलावर आवळायचा, वर कटर फिरतो, आणि टेबल डावी-उजवीकडे व मागे-पुढे सरकवून खाचा पाडायच्या, पृष्ठे सपाट करायची, ठरल्या जागी भोके पाडायची. कटर वर-खाली होतो तो तिसरा अक्ष. या मशीनवर आमचे अण्णा काम करतात. अण्णा हे त्यांचे नाव नव्हे. लहानथोर सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची घरची भाषा कन्नड, शॉपमधली मराठी आणि रागावण्याची दोन्ही. वय साठीकडे झुकलेले.

आता हे टेबल नेमके किती सरकले हे कळते कसे? टेबलाखाली एक लांब स्क्रू असतो, त्याच्या टोकाला हँडल आणि हँडलाशी रेघा आखलेली डायल. आमच्या मशीनवर हँडलाच्या एका फेऱ्याला टेबल २ मिलिमीटर सरकते. डायलवर ४० रेघा आहेत, म्हणजे एक रेघ ०.०५ मिलिमीटरची. समजा पहिल्या भोकापासून ४७.३० मिलिमीटरवर दुसरे भोक पाडायचे आहे. तर २३ पूर्ण फेरे आणि वर २६ रेघा. हिशेब अवघड नाही. पण तो करायचा केव्हा? मशीन चालू असताना, कूलंट उडत असताना, शेजारी ग्राइंडर ओरडत असताना, आणि दारातून कोणीतरी “अण्णा, टेम्पो आला” अशी हाक मारत असताना. बाविसावा फेरा झाला की तेविसावा, असा प्रश्न मनात आला की संपले. एक फेरा चुकला म्हणजे थोडी चूक होत नाही. बरोबर २ मिलिमीटरची होते, आणि तो जॉब भंगारात जातो. अशा वेळी अण्णांच्या तोंडून “लेक्क तप्पितु” एवढेच निघते. हिशेब चुकला! ‘लेक्क’ म्हणजे मोजणी आणि ‘लेक्क’ म्हणजे जमाखर्चही. आपला ‘लेखाजोखा’ त्याच्या शेजारीच बसतो.

फेरे मोजण्यात दुसरी एक अडचण आहे आणि ती माणसाची नसून यंत्राची आहे. स्क्रू आणि त्यावरचे नट यांच्यात थोडी फट असतेच; फट नसेल तर स्क्रू फिरणारच नाही. त्यामुळे हँडल उलटे फिरवले की पहिला थोडा भाग रिकामाच जातो. डायल सरकते, टेबल जागचे हलत नाही. याला बॅकलॅश म्हणतात. यंत्र जुने झाले, नट झिजले, की ही फट वाढत जाते. जाणता कारागीर यावर उपाय करतो. नेमक्या जागेच्या थोडे मागे जाऊन तो नेहमी एकाच दिशेने जागेवर येतो. पण प्रत्येक वेळी हे पथ्य पाळावे लागते. त्यात भर म्हणजे परदेशातून येणाऱ्या काही लहान मशीनांचा स्क्रू इंचाला १६ आट्यांचा असतो. म्हणजे एका फेऱ्याला १.५८७५ मिलिमीटर. दहा फेऱ्यांना १६ नव्हे, तर १५.८७५! असा पाढा कोणत्या शाळेत शिकवतात?

येथे सुरुवातीचा फरक उपयोगी पडतो. डायलवरून काम करणारा माणूस टेबलाची जागा मापत नसतो. तो स्क्रूचे फेरे मोजत असतो आणि त्यावरून टेबल कोठे असेल याचा अंदाज बांधत असतो. एणिसुवुदु, अळेयुवुदु नव्हे. स्क्रू अचूक, नट घट्ट आणि माणूस सावध असेल तोवर मोजणी आणि माप यांचा मेळ बसतो. तिघांपैकी एकानेही दगा दिला की मेळ तुटतो.

डिजिटल रीडआउट, म्हणजे शॉपमधल्या भाषेत डीआरओ, एवढेच करतो की स्क्रूला विचारायचे सोडून थेट टेबलाला विचारतो. मशीनच्या स्थिर भागावर एक पट्टी बसवायची आणि सरकत्या टेबलावर तिची वाचणी बसवायची. काही वेळा याच्या उलट. टेबल जितके हलले तितके आकडे पडद्यावर उमटतात. स्क्रूत फट असो, आटे इंचाचे असोत, फेरे कोणी मोजलेले असोत वा नसोत, पट्टीला त्याच्याशी कर्तव्य नाही.

या पट्ट्यांचे तीन प्रकार मी पाहिले. सर्वांत स्वस्त प्रकार आतून डिजिटल व्हर्निअर कॅलिपरसारखाच असतो. धातूच्या पट्टीवर तांब्याच्या बारीक ठशांची नक्षी असते. वाचणीतले ठसे तिच्यावरून सरकताना विद्युतधारिता बदलते आणि त्या बदलावरून आतले मंडल अंतर ठरवते. छोट्या बटण-सेलवर ती चालते आणि ०.०१ मिलिमीटरपर्यंत आकडा दाखवते. मात्र ओलावा आणि कूलंट तिला सोसत नाही. दुसरा प्रकार काचेच्या स्केलचा. काचेवर ०.०२ मिलिमीटर अंतराने रेघांची जाळी असते, एका बाजूने प्रकाश आणि दुसऱ्या बाजूने प्रकाश ओळखणारे संवेदक. एकमेकांपासून पाव अंतर सरकवलेले दोन संकेत मिळतात. त्यांतला कोणता आधी आला यावरून टेबल कोणत्या दिशेने गेले ते कळते, आणि एका जाळीअंतराचे चार भाग मोजता येतात. म्हणून अशी स्केल ०.००५ मिलिमीटरच्या पायरीने वाचते. तिसरा प्रकार चुंबकीय पट्टीचा. ती घाण आणि तेल बऱ्यापैकी सोसते. लहान मशीनला पहिल्या दोन प्रकारांपैकी एक पुरते. मामांनी काचेची घेतली, कारण आमच्याकडे कूलंटचा वापर आहे.

बसवणे हे काम दुकानातून वस्तू आणून भिंतीवर टांगण्यासारखे नाही. पट्टी टेबलाच्या चालीला समांतर हवी. त्यासाठी डायल इंडिकेटर लावून दोन्ही टोके तपासावी लागतात. ती फार आवळली तर वाकते, सैल राहिली तर हलते. मागे-पुढे जाणाऱ्या अक्षाची पट्टी टेबलाखालच्या अरुंद जागेत बसवायची, म्हणजे तिच्यावर धातूचा कीस पडणार. मग पत्र्याचे आच्छादन करायचे. आच्छादन टेबलाला अडले की टेबलाची चाल दोन बोटे कमी होते. वायर कोठे अडकणार नाही हे पाहायचे. आमच्याकडे शॉपमधलीच भोके पाडण्याची साधने, अँगलचे तुकडे आणि दोन रविवार लागले.

आणि मग काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे कोठेही शून्य करता येते. जॉबच्या कडेला स्पर्श करून शून्य केले की पुढची सगळी मापे ड्रॉइंगवर आहेत तशीच पडद्यावर. ४७.३० म्हणजे ४७.३०. हाक आली, चहा आला, वीज गेली नाही तोवर आकडा जागचा हलत नाही. दुसरी गोष्ट मध्य काढण्याची. एका कडेला शून्य करा, दुसऱ्या कडेला जा, आकड्याचा अर्धा करणारे बटण दाबा, आणि पडदा शून्यावर येईपर्यंत टेबल मागे आणा, मध्य सापडला. तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडली. वर्तुळावर समान अंतराने सहा भोके पाडायची असतात, समजा ६० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. पहिले भोक मध्यापासून ३० वर. दुसऱ्यासाठी एका अक्षावर १५ आणि दुसऱ्या अक्षावर २५.९८. हे आकडे ३० ला साठ अंशांच्या कोसाइन आणि साइनने गुणून येतात. दहावीत हे त्रिकोणमितीचे कोष्टक आपण सर्वांनी घोकले आणि परीक्षा होताच विसरलो. बहुतेक डीआरओंत हा हिशेब आतच असतो; व्यास आणि भोकांची संख्या दिली की झाले. पण साध्या पडद्यावरही वहीत गणित करून ते काम होते, आणि शाळेतले गणित धातूत उतरताना पाहण्याचा आनंद काही वेगळाच आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख जाहिरात झाला असता. म्हणून दुसरी बाजू अधिक सविस्तर सांगणे माझे कर्तव्य समजतो.

वाणिज्य शाखेतल्या मित्रांनी तेरीजपत्रकाची आठवण करावी. दोन्ही बाजूंची बेरीज पैशापर्यंत जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे सिद्ध होत नाही, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. नोंद पूर्णपणे राहून गेली, चुकीच्या खात्यावर गेली, सिद्धांताची चूक झाली, दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तरी बेरीज जुळतेच. डीआरओचा पडदा हा असाच आहे. तो ०.००५ पर्यंत बोलतो म्हणून ०.००५ पर्यंत खरे बोलतो असे नव्हे. बारीक आकडा दाखवणे आणि बरोबर आकडा दाखवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

त्याचे कारण यंत्रातच आहे. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८९० साली एक तत्त्व मांडले. जे अंतर मापायचे ते आणि मापाची पट्टी एकाच रेषेत असावी. बेंच मिलिंगवर ते शक्य नसते. पट्टी टेबलाच्या कडेला आणि कटर भलतीकडे. मधले अंतर १५० मिलिमीटर धरू. टेबल ज्या खाचांतून सरकते त्या झिजल्या असतील आणि त्यामुळे टेबल चालताना एका कलेने, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाने जरी तिरके झाले, तरी कटरपाशी सुमारे ०.०४४ मिलिमीटरचा फरक पडतो. पडद्याला याची गंधवार्ता नसते. म्हणून पट्टी बसवण्याआधी टेबलाचा सैलपणा काढणे, आणि कापताना जो अक्ष हलवायचा नाही तो कुलूपबंद करणे, ही जुनी पथ्ये पाळावीच लागतात. बॅकलॅशचेही तेच. डीआरओमुळे तो वाचनातून जातो, यंत्रातून जात नाही. कटरने जॉब ओढला तर टेबल त्या फटीएवढे उडी मारणारच.

उष्णतेचेही तसेच. लांबीची मापे २० अंश सेल्सिअसला खरी धरावीत असे १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. आमच्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये काय असते ते सांगायला नको. २०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा जॉब कापताना तापला आणि मागाहून १५ अंशांनी निवला, तर तो सुमारे ०.०७ मिलिमीटर आखडतो. पडद्यावर बरोबर, गिऱ्हाइकाकडे कमी! अशा वेळी दोष कोणाचा?

हे सर्व आमच्या शॉपमध्ये सर्वांत आधी कोणी ओळखले? ज्यांचा या पट्टीला विरोध होता त्या अण्णांनी. मामा म्हणाले, “अण्णा, एकदा बसवून तर बघू.” त्यावर अण्णांचा प्रश्न होता, “बसवा मालक. पण हा आकडा खोटं बोलला तर सांगणार कोण?” पट्टी बसल्यावर त्यांनी डायल इंडिकेटर आणि स्लिप गेज काढले आणि एक दुपार तिची परीक्षा घेतली. उजवीकडे जाताना माप जुळत होते. डावीकडे परतताना ०.०६ चा फरक राहत होता. सगळे गोंधळले. अण्णा म्हणाले, “तम्मा, स्क्रूला बॅकलॅश असतो, ठाऊक आहे. पट्टीला नसतो म्हणता, मग हा आला कुठून?” त्यांनी वाचणीच्या आधारावर बोट ठेवले. तो अँगल पातळ होता. टेबल उलटे वळताच तो किंचित वाकत होता. जाड तुकडा बसवला आणि फरक नाहीसा झाला. आकडे वाचणे कोणालाही येते. आकड्यावर कधी विश्वास ठेवू नये हे कळायला तीस वर्षांचा हात लागतो.

आता पैशाकडे वळतो. परिव्ययाच्या पेपरात आपण सामान्य तूट आणि असामान्य तूट असा भेद शिकतो. जी तूट टाळता येत नाही ती सामान्य. तिचा बोजा चांगल्या नगांवर टाकायचा. जी टाळता आली असती ती असामान्य. ती वेगळी दाखवून नफा-तोटा खात्याला न्यायची. माझा अनुभव असा की लहान शॉपमध्ये हा भेद केलाच जात नाही. शंभरांत तीन-चार नग जातातच, असे गृहीत धरून भाव ठरतो. फेरा चुकून गेलेला नग आणि ओतकामातल्या पोकळीमुळे गेलेला नग एकाच भंगाराच्या पेटीत पडतात. पेटीला कारण विचारण्याची सोय नसते. अशा रीतीने टाळता येण्याजोगे नुकसान वर्षानुवर्षे ‘सामान्य’ होऊन बसते, आणि जे सामान्य आहे ते कोण शोधणार?

उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत; प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. समजा महिन्याला १०० नग होतात आणि फेरे चुकल्यामुळे त्यांतले ३ जातात. एका नगात कच्चा माल आणि आधीची मजुरी मिळून ४०० रुपये अडकलेले आहेत. म्हणजे १,२०० रुपये गेले. शिवाय डीआरओमुळे प्रत्येक नगामागे ४ मिनिटे वाचतात असे धरू. १०० नगांची ४०० मिनिटे, आणि मशीनचा तासाचा दर २०० रुपये. म्हणजे सुमारे १,३३३ रुपये. एकूण २,५३३. तीन अक्षांची पट्टी बसवणावळीसह २४,००० रुपयांना पडली, तर साडेनऊ महिन्यांत पैसे वसूल. तीनऐवजी एकच नग वाचला आणि दोनच मिनिटे वाचली असे धरले तरी सुमारे साडेबावीस महिने लागतील इतकेच. पट्टी तोवर सहज टिकावी.

याच्या शेजारी दुसरा पर्याय ठेवू. संगणकावर चालणारे सीएनसी मशीन कर्जाने घेतले आणि महिन्याचा हप्ता ४०,००० आला असे समजा. काम असो वा नसो, हप्ता ठरलेला. पट्टीची सगळी किंमत त्याच्या एका हप्त्याहून कमी! माझा सीएनसीला विरोध नाही. एकाच नमुन्याचे हजारो नग करायचे असतील, वळणदार पृष्ठे कोरायची असतील, तर त्याला पर्याय नाही. डीआरओ टेबल हलवत नाही, फक्त ते कोठे आहे ते सांगतो. पण ज्याच्याकडे आज दहा नगांचे आणि उद्या वीस नगांचे काम येते, त्याने शेजाऱ्याने घेतले म्हणून हप्ता गळ्यात बांधून घ्यावा का? मोठ्या यंत्रासाठी फाइल तयार होते, भेटी होतात, उद्घाटनाला नारळ फुटतो. पट्टीसाठी नारळ कोणी फोडत नाही. म्हणूनच तिचा विचार राहून जातो.

पुस्तकी प्रश्नही येथे सुटतो. पट्टी बसवणे ही दुरुस्ती की भांडवली खर्च? ज्या खर्चाने मालमत्तेची कार्यक्षमता वाढते तो भांडवली, हा नियम लावला तर ती मशीनच्या किमतीत मिळवून तिच्यावर घसारा काढावा लागेल. नियमाने ते योग्यच आहे. तरी मनात येते की या खर्चाने खरी कार्यक्षमता वाढली ती अण्णांची, आणि माणसाच्या नावे खाते उघडण्याची सोय ताळेबंदात नाही.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. गेल्या वर्षी मामांच्या मनात अण्णांना मिलिंगवरून काढून पॅकिंगला बसवावे असे येत होते. कारण त्यांच्या हातचे नग जास्त जाऊ लागले होते. हात तोच होता, डोळे तेच राहिले नव्हते. चाळिशीनंतर जवळचे बारीक दिसेनासे होणे हे प्रत्येकाच्या वाट्याला येते. डायलवरच्या केसाएवढ्या रेघा कमी उजेडात वाचणे त्यांना जड जाऊ लागले होते. व्हर्निअर हे आडनाव ज्यांचे, त्या प्येर व्हर्निए यांनी आपली युक्ती १६३१ साली प्रसिद्ध केली. म्हणजे जवळजवळ चारशे वर्षे कारागिराची लायकी बऱ्याच अंशी रेघ ओळखणाऱ्या डोळ्यांवर ठरत आली. पडद्यावरचे बोटभर उंचीचे आकडे अण्णा चष्मा न लावता वाचतात. मिलिंगवरची त्यांची जागा कायम राहिली. पॅकिंगला बसलेल्या अण्णांना त्या अँगलचा दोष सापडला नसता, हेही लक्षात घ्यावे.

एक आक्षेप आमच्याच पिढीवर आहे आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. आयते आकडे मिळाल्यावर शिकाऊ मुलगा डायल वाचायला शिकेल का? हात तयार होईल का? आमच्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दीडकी पाठ होती. आम्हाला कॅल्क्युलेटर मिळाला आणि पाढे गेले, अशी खंत घरोघर ऐकू येते. त्यात तथ्य आहे. पण जुन्या पेढीवरचा चांगला मुनीम दीडकी येते म्हणून चांगला नव्हता. कोणती उधारी बुडणार हे त्याला आधी कळे, म्हणून चांगला होता. यंत्राकडे मोजणी गेली, पारख गेली नाही. ती जाऊ नये यासाठी मात्र मुद्दाम नियम करावा लागतो. आमच्या शॉपमध्ये आता आयटीआयमधून आलेल्या मुलाने पहिला महिना पडदा झाकून, डायलवरच काम करायचे, असे ठरले आहे. नियम अण्णांचाच. पुढे दर सोमवारी त्याने पट्टी स्लिप गेजवर तपासून वहीत तारीख घालून लिहायचे. ही वही मला फार मोलाची वाटते. भंगाराच्या पेटीला जी वाचा नव्हती ती या वहीला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांना पदवीनंतर एखाद्या कचेरीत हिशेब लिहायचे आहेत किंवा घरचा धंदा पाहायचा आहे. त्या हिशेबातले आकडे जन्मतात ते अशा यंत्रांपाशी. माझी प्राध्यापकांना विनंती आहे की परिव्यय शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक आठवडा एखाद्या शॉपमध्ये पाठवावे. त्याने काही दुरुस्त करू नये, सल्ला देऊ नये. फक्त भंगाराच्या पेटीजवळ बसून प्रत्येक नगाचे कारण विचारावे आणि लिहावे, मराठीत किंवा कन्नडमध्ये, कारागीर ज्या भाषेत सांगेल तिच्यात. तेवढ्या टिपणावरून मालकाला कळेल की आपले किती नुकसान टळण्याजोगे आहे. त्याचे उत्तर कधी पट्टी असेल, कधी बरा दिवा, कधी चष्मा, आणि कधी खरोखरच मोठे मशीन. पण उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून, असे तरी होणार नाही.

लहान कारखानदाराला आणि उद्या त्याच्या गादीवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना माझे सांगणे एवढेच : आधी माप घ्या, मग कर्ज घ्या.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)